उत्तरवाहिनीचे पाणी

पश्चिमेकडे जाणारी नर्मदा तिलकवाड्याजवळ काही अंतर उत्तरेकडे वळते. चैत्र महिन्यात तेवढ्या पट्ट्याची दोन्ही तीरांवरून परिक्रमा केली की संपूर्ण परिक्रमेचे पुण्य लाभते, अशी श्रद्धा आहे. बडोद्याच्या मराठी घरांना या भागाची ओढ असण्याला आणखी एक कारण आहे. थोडे वरच्या अंगाला गरुडेश्वर येथे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी यांची समाधी आहे. स्वामी 1914 साली तेथे समाधिस्थ झाले. यंदा दांडिया बाजारातील आमच्या मंडळींनी आधी समाधीचे दर्शन घेतले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रामपुऱ्याच्या घाटावरून 'नर्मदे हर' म्हणत चालायला सुरुवात केली.

नदी उजव्या हाताला ठेवून मांगरोळ, गुवार अशी गावे घेत वाट प्रवाहाच्या दिशेने जाते. उजाडल्यावर काठावरचे गोटे नीट दिसू लागले. पाण्याच्या कडेपासून हातभर उंचीपर्यंत ते ओले होते, त्यांच्यावरचे शेवाळ हिरवेगार होते. त्याच्या वर मात्र शेवाळ वाळून पांढुरके झाले होते व त्याचे पापुद्रे सुटत होते. याचा अर्थ, पाणी रात्री वर होते आणि पहाटे उतरले होते. बरोबरच्या आजोबांनी विचारले, "चैत्रात पाऊस नाही, मग रात्री पाणी आले कोठून?"

नर्मदेच्या उगमाशी हिमनदी नाही. अमरकंटकपासून भरूचजवळच्या खाडीपर्यंत 1312 किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचे बहुतेक सारे पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत येते. त्यानंतर नदी वाहती राहायची ती विंध्य आणि सातपुड्याच्या जंगलांखाली मुरलेल्या पाण्यावर, आणि म्हणून चैत्रात तिने संथ व उथळ असावे हे स्वाभाविक होते. आता त्याच डोंगरांत जंगल विरळ झाले आहे, खालच्या सपाटीवर गव्हासाठी भूजलाचा मोठा उपसा होतो, आणि बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर व सरदार सरोवर ही धरणे पावसाळ्याचे पाणी धरून ठेवतात. सरदार सरोवराच्या नदीपात्रातील वीजघरात 200 मेगावॅटची सहा यंत्रे आहेत. ती सर्व चालू झाली की चाळीस हजार क्युसेकच्या आसपास पाणी पात्रात येते. गरुडेश्वरचा बंधारा ते आधी अडवतो, आणि तो भरून वाहू लागला की पाणी खाली आमच्या वाटेपर्यंत पोहोचते. यंत्रे थांबली की पात्र पुन्हा आकसते. जो चढउतार पूर्वी महिन्यांनी मोजावा लागे, तो आता तासांनी मोजावा लागतो. कालव्याच्या मुखाशी असलेल्या दुसऱ्या वीजघराचे पाणी तर नदीत येतच नाही; ते 458 किलोमीटरच्या मुख्य कालव्याने राजस्थानच्या सीमेकडे जाते.

तिलकवाड्याच्या बाजूला जाण्यासाठी नावेची रांग लागली होती. आमची पाळी आली तेव्हा नावाड्याने हात वर करून थांबवले. त्याने कडेला वाळूत एक काटकी रोवली होती आणि आम्ही पाहत असतानाच तिच्याभोवतीचे पाणी चार बोटे चढले. "बेन, उपरथी पाणी छोड्युं छे," एवढेच तो म्हणाला आणि बिडी पेटवून बसला. नाशिककडून आलेली एक दिंडी या खोळंब्यावर बरीच चिडली. त्या वीजघरांतल्या विजेचा 27 टक्के वाटा महाराष्ट्राला, 57 टक्के मध्य प्रदेशाला आणि 16 टक्के गुजरातला मिळतो, हे मी त्यांना सांगितले. राग ओसरला नाही, पण चर्चा रंगली.

त्या चर्चेत एकाने ठामपणे सांगितले की धरण झाले, आता दुष्काळाची भीती गेली. हे मला पटत नाही. धरण पाण्याची वेळ बदलते. पाणी किती येणार हे पाऊसच ठरवतो. 2017 मध्ये धरण पूर्ण उंचीचे, 138.68 मीटरचे झाले, आणि त्याच पावसाळ्यात वरच्या खोऱ्यात पाऊस कमी पडला. 2018 च्या उन्हाळी पिकांना गुजरातमध्ये कालव्याचे पाणी मिळाले नाही. खाली भरूचकडे गोडे पाणी इतके कमी पोहोचत होते की भरतीचे खारे पाणी पात्रात वर चढत होते, आणि अंडी घालण्यासाठी समुद्रातून गोड्या पाण्यात येणाऱ्या हिलसा माशावर पोट असलेले कोळी त्यात भरडले गेले. उलट, सप्टेंबर 2023 मध्ये थोड्या दिवसांत एवढा पाऊस झाला की धरणातून सुमारे 18 लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि चांदोद, करनाळीत घरे बुडाली. मध्य भारतात दूरवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात सुमारे तिपटीने वाढल्या आहेत. अशा पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही, एकदम धावत सुटते. आवक अशी झाली की काठोकाठ भरलेल्या धरणाला ती पुढे ढकलण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून पूर पोटात घेण्यासाठी जागा केव्हा रिकामी ठेवायची, हा निर्णय वीज आणि सिंचनाच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

उशिरा नाव सुटली. वासण, रेंगण करत रामपुऱ्याला परत येईपर्यंत ऊन चांगलेच तापले होते, आणि सकाळी ज्या गोट्यांवर पाय ठेवून आम्ही आचमन केले होते ते दिसेनासे झाले होते. घाटावर प्रसादाच्या वेळा लिहिलेला फळा होता, चपला कोठे ठेवायच्या याची सूचना होती. वरची यंत्रे त्या दिवशी केव्हा चालणार आणि पाणी येथे साधारण केव्हा पोहोचणार, याची एक ओळ त्याच फळ्यावर रोज खडूने लिहिली जावी, असे आम्ही तेथील सेवेकऱ्यांना सांगून आलो.