तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या स्टिरिओचं खोकं गिटारला चालतं का?

माझ्या इलेक्ट्रिक गिटारमागे उभं असलेलं स्पीकरचं उंच, काळपट खोकं पाहिलं की लोक आधी विचारतात, "हे कुठल्या कंपनीचं?" ते जुन्या स्टिरिओचं आहे असं सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे आमचे माळ्यावर पडलेत, तेही चालतील?" मी "चालतील, पण..." म्हणून सुरुवात करतो आणि त्या 'पण'नंतर समोरचा घड्याळाकडे बघायला लागतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. (खोकं म्हणतो, कारण पेटी म्हटलं की लोक हार्मोनियम शोधायला लागतात.)

उत्तर असं, की लाकूड चालतं, जाळीचं कापड चालतं, आतला स्पीकर मात्र बहुतेक वेळा चालत नाही. आणि तो वाईट असतो म्हणून नव्हे, उलट फार चांगला असतो म्हणून.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. अडीच फूट उंचीचे दोन जुने स्पीकर माझ्याकडे आले, प्रत्येकात खालच्या स्वरांचा मोठा वूफर आणि वर बारीक स्वरांचा छोटा ट्विटर. मी माझा पंधरा वॉटचा व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, त्यांतल्या एकाला थेट जोडला. स्वच्छ स्वर ठीकठाक वाजले. डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला तो मुद्दाम फाटवलेला आवाज, चालू केलं आणि काचेच्या बरणीत माशी अडकावी तसा आवाज. ट्विटर तोडून टाकला, तर माशी गेली पण गिटार गोधडीत शिरली.

याचं कारण समजायला मला बराच वेळ लागला. गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेचा स्वर 82 हर्ट्झच्या आसपास असतो, आणि गिटारचा स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या पुढे झपाट्याने मान टाकतो. हे मान टाकणंच आपल्याला हवं असतं. डिस्टॉर्शनमधली वरची सगळी खरखर तिथे गाळली जाते. घरातल्या स्टिरिओचा ट्विटर 20,000 हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे वाजतो, म्हणजे ती खरखरही प्रामाणिकपणे ऐकवतो. आणि त्याच्या वूफरला क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्विटरमध्ये स्वर वाटून देणारं सर्किट, दोन-तीन हजार हर्ट्झलाच थांबवतो, म्हणजे गिटारला जिथे धार येते नेमकी तिथे. क्रॉसओव्हर काढला तरी वूफरचा जड कोन (पुढचा हलणारा, शंकूसारखा पडदा) तिथवर नीट पोचत नाही. गिटारच्या स्पीकरचा हलका कागदी कोन मात्र दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात स्वतःच थरथरतो आणि स्वतःचा रंग मिसळतो. स्टिरिओवाल्यांच्या लेखी हा दोष, आपल्या लेखी तोच आवाज.

दुसरी गोष्ट संवेदनशीलतेची. एका वॉटला एक मीटरवर घरगुती स्पीकर साधारण 88 डेसिबल देतो, गिटारचा 98 च्या आसपास. फरक दिसतो दहाचा, पण दहा डेसिबल भरून काढायला दहापट ताकद लागते. माझा पंधरा वॉटचा ॲम्प त्या वूफरवर दीड वॉटचा झाला होता. (डब्यावर हजार वॉट पीएमपीओ, हा जाहिरातीसाठी फुगवलेला आकडा, लिहिलेला असला तर तो वाचून सोडून द्या.)

मग जुन्या सामानातला कुठला स्पीकर चालतो? हलक्या कागदी कोनाचा, ज्याची किनार फोमची नसून कागदाच्या किंवा कापडाच्या घड्यांची असते. असे स्पीकर मोठ्या रेडिओग्राममध्ये (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर एकत्र असलेल्या कपाटात) आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक ऑर्गनमध्ये सापडतात. हे नातं जुनंच आहे. फेंडर गिटार आणि ॲम्प बनवणाऱ्या लिओ फेंडरने 1938 मध्ये रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केली होती, आणि सेलेस्टियन या ब्रिटिश स्पीकर कंपनीचा जी 12 हा मुळात 1930 च्या दशकातला रेडिओचा स्पीकर. तोच बदल करून 1950 च्या दशकाच्या अखेरीस व्हॉक्सच्या गिटार ॲम्पमध्ये बसवला गेला. फक्त फार जुन्या रेडिओतला फील्ड कॉइलचा स्पीकर दिसला तर त्याचा नाद सोडा, त्यात कायमचं चुंबक नसतं आणि त्याला वेगळा, जास्त व्होल्टेजचा पुरवठा लागतो.

मला भंगारात निघालेल्या एका ऑर्गनमधून बारा इंची दोन मिळाले. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन चारी बाजूंनी सारखा दाबून पाहिला. आत खरवडल्याचा आवाज नाही, म्हणजे व्हॉइस कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) मोकळी. एकाच्या कोनाला बोटभर चीर होती. पातळ केलेला पांढरा गोंद आणि टिश्यू पेपरचा तुकडा, आतून आणि बाहेरून. (1964 मध्ये द किंक्स या ब्रिटिश रॉक बँडच्या डेव्ह डेव्हिसने खरखरीत आवाजासाठी मुद्दाम ब्लेडने कोन कापला होता हे मला माहीत आहे. माझं धाडस तेवढं नाही.)

लाकूडकामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खोक्याच्या भिंती ठेवल्या, पुढची भुशाची फळी काढली, कारण जुन्या भुशात स्क्रू धरत नाही. तिथे 18 मिलिमीटरचा प्लाय, त्यात जिगसॉने जवळपास अकरा इंची दोन गोल. खोक्याचं मूळ माप जुन्या वूफरच्या हिशोबाने होतं, नव्या स्पीकरला ते जुळण्याचं कारण नव्हतं, म्हणून मागची फळी पूर्ण न लावता वर आणि खाली एकेक पट्टीच ठेवली. आवाज मागूनही बाहेर पडतो, खोलीभर पसरतो. बंद खोक्याचा खालचा ठोसा जातो, पण मला तो नकोच होता.

वायरिंगमध्ये मात्र तोंडावर आपटलो. दोन्ही स्पीकर आठ ओहमचे, मल्टिमीटरवर एकेक 6.3 दाखवत होता, आणि तसंच असतं, कारण मीटर डीसीचा, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहाचा, विरोध मोजतो, आणि आठ हा आकडा आवाजाच्या बदलत्या प्रवाहाचा. समांतर जोडले तर चार ओहम, एकामागे एक जोडले तर सोळा. ॲम्पला सोळा ओहमचं तोंड होतं, म्हणून तसे जोडले. वाजवलं तर आवाज मोठा, पण पोकळ, पोट काढून घेतल्यासारखा. दोन दिवस मी खोक्याला दोष देत होतो. शेवटी एक साधा दीड व्होल्टचा सेल घेतला आणि त्याच्या दोन वायरी स्पीकरच्या टोकांना टेकवल्या. वरचा कोन थप् करून बाहेर आला. त्याच क्रमाने खालच्याला टेकवल्या, तो आत गेला. ऑर्गनच्या स्पीकरवर अधिक-उणेची खूणच नव्हती, आणि एक ढकलत असताना दुसरा ओढत होता. दोन टाके उलटे सोल्डर केले, आणि खालचे स्वर परत आले.

तीन सूचना. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि ॲम्पपासून खोक्यापर्यंत गिटारची वायर वापरू नका, जॅक तोच असला तरी. साधी दोन पदरी जाड स्पीकर वायर घ्या. जुन्या स्टिरिओचा ॲम्प उघडून त्यातून काही काढायचा मोह झाला तर तोही आवरा. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर भरलेले असू शकतात.

सगळं जमल्यावर एक घरघर उरली. जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी, 98 हर्ट्झ, तेवढ्याच स्वराला. बाजूच्या स्वरांना काही नाही. स्क्रू आवळले, जाळीची चौकट काढली, मागच्या पट्ट्या हाताने दाबून धरल्या. घरातल्या कुणाला तरी सतत तोच स्वर वाजवायला बसवून मी खोक्याला कान लावून गोल फिरत होतो. शेवटी बोट पडलं ते पुढच्या कोपऱ्यातल्या धातूच्या बिल्ल्यावर, ज्यावर मूळ कंपनीचं नाव कोरलं होतं. बोट ठेवलं की शांत, उचललं की घरघर.

बिल्ला उचकटून काढला. आता तिथे वाळलेल्या गोंदाचे दोन ठिपके आहेत. कुठल्या कंपनीचं, असं कुणी विचारलं की मी तेच दाखवतो.