आमची वाटचाल : 'चोवीस तास सेवा' ही पाटी आम्ही का उतरवली

2006 साली लातूर जिल्ह्यातल्या औशात मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे पाण्याच्या जळलेल्या मोटारीत नवीन तार भरून देण्याचं, दुकान टाकलं. भांडवल म्हणजे एक मेगर (तारेचं वेष्टण शाबूत आहे का ते तपासायचं यंत्र), थोडी हत्यारं आणि लातूरच्या उस्तादाच्या हाताखाली घालवलेली वर्षं. जागा भाड्याची, पुढं पत्र्याचं शेड. पहिल्याच दिवाळीला पाटी रंगवून घेतली आणि तिच्यावर खाली लाल अक्षरात 'चोवीस तास सेवा' लिहिलं. बाकीची दुकानं दिवेलागणीला बंद व्हायची. आमचा धंदा वाढला तो त्या लाल अक्षरांवर, हे कबूल करायलाच पाहिजे.

बाहेरच्या माणसाला वाटेल, मोटार दुरुस्तीला रात्रीची काय घाई? शेतीची थ्री फेज लाईट आमच्याकडं पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मध्यरात्री उठून शेतात कोण जाणार, म्हणून स्टार्टरला ऑटो बसवलेला, लाईट आली की तो मोटार आपोआप चालू करतो. एका डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, दहा-पंधरा मोटारी असतात आणि लाईट आली की सगळ्या एकदम उठतात. चालू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. सगळ्यांनी एकदम ओढला की व्होल्टेज बसतं आणि व्होल्टेज बसलं की मोटार आणखी करंट खाते, तापते. त्यात एखादा फेज गेला तर उरलेल्या दोन फेजवर नुसती गुरगुरत राहते आणि काही मिनिटांत वाइंडिंग काळंठिक्कर. म्हणजे ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात मोटारी रात्रीच जळणार आणि आमचा फोनही रात्रीच वाजणार. "मिस्तरी, मोटार बसली. उद्याच्या पाळीला पाणी नाही फिरलं तर हरभरा गेला बघा." असं म्हटल्यावर कूस बदलून झोपायची कुणाची छाती होते?

2015-16 च्या दुष्काळात वेगळंच काम आलं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. त्या उन्हाळ्यात आम्ही बोअरमधून मोटारी वर काढत होतो. पाणी खाली गेलेलं, मोटार कोरडी फिरून बुश खलास झालेले. लोक मोटार शेडमध्ये टाकून जायचे आणि न्यायला यायचेच नाहीत. बोअर आटला तर नेऊन करायचं काय? मागच्या भिंतीला अशा मोटारींची रांगच लागली. मग त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी दाबून पाऊस झाला, विहिरी-बोअर भरले आणि तालुकाभर सगळ्यांना एकाच वेळी मोटारी चालू करायच्या होत्या. आमची खरी दमछाक तिथून सुरू झाली. नंतर ऊस वाढला, बोअर आणखी खोल गेले आणि दमछाक हीच रीत झाली.

बोअरमधली पाणबुडी (सबमर्सिबल) मोटार भरतात कशी, ते पाहिल्याशिवाय या थकव्याचा अंदाज येत नाही. पाण्यानं भरलेल्या मोटारीत तयार कॉइल बसवता येत नाही. लांबलचक स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, बंद खाचांमधून प्लास्टिकचं वेष्टण असलेली तार एकेक करून ओवावी लागते. दोन माणसं समोरासमोर बसतात, एक ढकलतो, दुसरा ओढतो आणि दोघंही मनात फेरे मोजतात. मध्ये कुणी "चहा घेणार का" विचारलं तरी उत्तर मिळत नाही. वेष्टणाला ओरखडा गेला तर डोळ्याला दिसत नाही. स्टेटर पाण्यात बुडवून ठेवायचा, मग मेगर लावायचा, तेव्हा कळतं. हेच काम रात्री दोनला, दिवसभर बोअरवर चेन-पुली ओढून आलेल्या माणसाकडं द्या. बोटं चालतात, मोजदाद चालत नाही.

माझं बीपी चाळिशीच्या आतच वाढलं. धाकटा भाऊ गाडी चालवताना डुलक्या खायला लागला, म्हणून त्याच्याबरोबर पोरगं पाठवायचं, तेही डुलक्या खायचं. सगळ्यात जुना कारागीर एका दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. पुण्याकडं कारखान्यात लागला, तोही इथल्यापेक्षा कमी हातात पडत असताना. फोन केला तर म्हणाला, "भाऊ, इथं आठ तास झाले की भोंगा होतो." मला राग आला होता. आता येत नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि आराम करा म्हणाले. आराम करायचा कुणाच्या जिवावर, ते त्यांनी सांगितलं नाही. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा एक अभ्यास आला होता, तो मुलीनं मोबाइलवर वाचून दाखवला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका अंदाजे 35 टक्के जास्त असतो आणि हृदयविकारानं दगावण्याचा 17 टक्के जास्त. रब्बीत आमचे 55 तास गुरुवारीच भरायचे.

आधी जे सुचतं ते केलं, माणसं वाढवली, रात्रीची वेगळी पाळी लावली. त्यानं एवढंच झालं की रात्रीचं कामही वाढलं. पगार वाढले म्हणून काम जास्त घ्यायचं आणि काम जास्त म्हणून उधारी जास्त. आमच्या धंद्यात पैसा उसाचं बिल निघाल्यावर नाहीतर सोयाबीन विकल्यावर येतो. तोवर तांब्याच्या तारेचे पैसे दुकानदाराला रोख मोजायचे. रात्री जागून कमावलेलं वहीतच राहायचं.

ती वही माझ्या बायकोकडं असते. एका रब्बीत तिनं स्वतःहून एक काम केलं. रात्रीच्या प्रत्येक फोनापुढं शेवटी खरं काय निघालं ते लिहून ठेवलं. हंगाम संपल्यावर ते पान वाचलं तर निम्म्याच्या वर ठिकाणी मोटार जळलेलीच नव्हती. कुठं फ्यूज, कुठं फेज गेलेला, कुठं रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार बंद पाडणारा स्विच, ट्रिप झालेला. आणि ज्या खरंच जळल्या होत्या, त्यांच्याबद्दल तिनं विचारलं, "त्या माणसाला रात्रीत मोटार पाहिजे असती का पाणी?"

मागच्या भिंतीकडं आम्ही तेव्हा नीट बघितलं. दुष्काळात पडून राहिलेल्या मोटारींच्या मालकांना गाठलं. काहींची जुनी उधारी होती, ती वळती करून मोटारी आमच्या केल्या, काहींना थोडे पैसे दिले. उन्हाळ्याच्या मोकळ्या दिवसांत त्या भरून, रंगवून, पंपासकट तयार ठेवल्या. तीन, पाच आणि साडेसात एचपी, बोअरच्या खोलीप्रमाणे कमी-जास्त स्टेजच्या. कुणाची मोटार जळून आली की बदली मोटार लगेच द्यायची आणि त्याची मोटार सावकाश, दिवसाउजेडी भरायची.

यात एक मेख होती. विहिरीवरची मोटार बदलणं सोपं असतं, पण बोअरची मोटार एकदा बदली सोडायला आणि पुन्हा त्याची स्वतःची सोडायला, म्हणजे दोनदा काढा-घालायची. मजुरी दुप्पट. शेतकरी कशाला देईल, आम्हीही कशाला सोसू? तोडगा गिऱ्हाइकानंच काढला. एका आबांनी सांगितलं, "चांगली चाललीय की, राहू द्या हीच. माझी तुमच्याकडं ठेवा, फरक काय तो सांगा." तेव्हापासून बहुतेक बोअरवर बदलीच कायमची राहते. त्यांची जुनी भरून झाली की आमच्या रांगेत जाते. रांग कधी रिकामी होत नाही.

दुसरं काम स्टिकरचं. प्रत्येक स्टार्टरच्या झाकणाला आतून चिकटवतो. तिन्ही फेज दाखवणारे दिवे लागलेत का बघा. रिले ट्रिप झाला तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. ऑटोला टायमर लावून घ्या, म्हणजे लाईट आल्यावर सगळ्यांच्या मोटारी एकदम उठणार नाहीत. शेवटची ओळ मोठ्या अक्षरात आहे, कारण तीच कुणी पाळत नव्हतं. जिथं एका डीपीवरच्या सगळ्यांनी टायमर मागं-पुढं लावले, तिथून जळलेली मोटार क्वचितच येते. आमचंच नुकसान, असं भाऊ म्हणतो. खरंय, पण मला परवडतं.

पाटी उतरवली तेव्हा त्याचं आणि माझं चांगलंच वाजलं होतं. पहिल्या हंगामात गल्ला घटला, काही गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली, त्यातली सगळी परत आली असंही नाही. आता शटर नऊला वर आणि सातला खाली. आठवड्याची सुट्टी आळीपाळीनं, मग हंगाम असो वा नसो. रात्री फोन घेत नाही, पण स्टार्टरचा आणि मोटारीवरच्या माहितीच्या पट्टीचा फोटो व्हॉट्सअॅपला टाकला की सकाळी गाडी सुटताना बरोबर बदली मोटार असते. भाऊ सध्या सोलर पंपाचे कंट्रोलर शिकतोय. 2024 पासून 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेतून शिवारात पॅनल दिसायला लागलेत. सूर्य मावळला की ती मोटार गप्प, म्हणजे मेकॅनिकही गप्प. त्यात वाइंडिंगचं काम कमी होणार हे दिसतंय. तेव्हा काय करायचं, यावर दुकानात रोज वाद असतो.

येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या, मात्र कित्येक वर्षं मी फक्त दुसऱ्यांच्या शेतात पाहिली होती. मार्गशीर्ष अमावस्या म्हणजे ऐन रब्बी. सगळा जिल्हा शेतात, लातूरचे रस्ते ओस, आणि आम्ही कुणाच्या तरी बांधावर पाईप ओढत असायचो. शेतमालक कडब्याच्या कोपीत बोलवायचा, भज्जी, उंडे, बिंदगीतलं (मातीच्या मडक्यातलं) आंबील पुढं करायचा. आम्ही हात काळे म्हणून उभ्या-उभ्याच खायचो. आता त्या दिवशी शटर उघडत नाही. कारागीर आपापल्या शिवारात जातात. आम्ही चुलत्यांच्या शेतात जातो. भाऊ पोरांना घेऊन "होलग्या होलग्या" करत कोपीत पुजलेल्या पांडवांभोवती फिरतो आणि पोरांपेक्षा जास्त ओरडतो.

तर यंदाही येळवसेला वर्कशॉप बंद राहील. ज्यांच्या मोटारीचा आवाज बदललाय त्यांनी आदल्या दिवशी दुपारपर्यंत आणावी, बदली मिळेल. साडेसातच्या मात्र आता दोनच शिल्लक आहेत.