फळ्यावरचे आणि फळ्याबाहेरचे

रिकामं मैदान बघायला पौंडांत तिकीट काढायचं, ही कल्पना आमच्या घरात कुणाच्याच गळी उतरत नव्हती. सामना असता तर गोष्ट वेगळी, असं बायकोचं म्हणणं. मुलीने तर सरळच विचारलं, "बाबा, तिथे आपण नक्की काय बघणार? गवत?" प्रश्न बिनतोड होता. पण लंडनपर्यंत जायचं, राजवाडा कुंपणाबाहेरून बघायचा, मेणाच्या पुतळ्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे आणि लॉर्ड्सला न जाता परत यायचं, हे माझ्याच्याने होणारं नव्हतं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर या गोष्टीला माफी नाही.

शेवटी तह झाला. लॉर्ड्सला जायचं तर सेंट जॉन्स वुड स्टेशनला उतरायचं, आणि त्याच स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर अ‍ॅबी रोडचा तो बीटल्सवाला झेब्रा क्रॉसिंग आहे. त्यामुळे या स्टेशनवर दोन पंथांचे यात्रेकरू उतरतात. एक पंथ रस्ता ओलांडायला जातो, दुसरा गवत बघायला. आम्ही आधी मुलीचा पंथ उरकला. बिचारे गाडीवाले ब्रेक दाबून बसलेले, आणि मंडळी एका रांगेत, ढांगा टाकत, चारचारदा पलीकडे जाऊन परत येणारी. हॉर्न मात्र कुणी वाजवला नाही. हे दृश्य दादरला पाच मिनिटं टिकलं नसतं.

लॉर्ड्सचे आमचे गाईड सत्तरीतले गृहस्थ होते. विनोद सांगून सांगून गुळगुळीत झालेले, पण टायमिंग अचूक. आमच्या गटात एक ऑस्ट्रेलियन जोडपं, दोन डच मुलं (ही कशी आली कोण जाणे), आम्ही तिघं आणि ब्रॅडफर्डहून आलेले, मूळचे लाहोरचे एक चाचा. चाचांनी हात मिळवता मिळवताच मला विचारलं, "बंबई?" मी मान डोलावली. "गावस्कर!" ते म्हणाले. मी म्हटलं, "माजिद खान!" एवढ्यावर आमची ओळख पक्की झाली.

टीव्हीवर आयुष्यभर बघूनही न कळलेली गोष्ट इथे पहिल्या नजरेत कळते: लॉर्ड्स सपाट नाही. वायव्येकडून आग्नेयेकडे मैदानाला जवळजवळ अडीच मीटरचा उतार आहे. म्हणजे वरच्या सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाचे बूट खालच्या सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाच्या टोपीपेक्षा उंच. पॅव्हेलियनकडून टाकलेला चेंडू उजव्या फलंदाजासाठी उताराने आत येतो, समोरच्या नर्सरी एंडकडून टाकलेला बाहेर निघतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅग्राला हा उतार फार मानवला. १९९७ मध्ये त्याने इथे ३८ धावांत ८ बळी घेतले. थॉमस लॉर्डने दोन जागा सोडून, जुनी हिरवळ उचलून आणून १८१४ मध्ये इथे मैदान थाटलं, तेव्हापासून हा उतार आहे तसा आहे. आपल्याकडे एखाद्या नगरपालिकेने असं मैदान बांधलं असतं तर चौकशी समिती बसली असती. इथे दोनशे वर्षांत बुलडोझर आणायचं कुणाच्या मनात आलं असलं तरी त्याने ते बोलून दाखवलेलं दिसत नाही. उलट गाईड त्या उताराकडे अशा कौतुकाने हात करून दाखवत होते, की जणू तो त्यांच्या आजोबांनीच मुद्दाम काढून घेतला होता.

पॅव्हेलियन १८९० चं. लालसर विटा, दोन बाजूंना दोन मनोरे. १८९९ मध्ये अल्बर्ट ट्रॉटने एक चेंडू या इमारतीवरून पलीकडे भिरकावला होता, त्यानंतर आजतागायत कुणाला ते जमलेलं नाही. टी-ट्वेंटीच्या जाडजूड बॅटींनाही नाही. ही माहिती ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

आत लाँग रूम. उंच छत, उंच खिडक्या, भिंतींवर तैलचित्रं. फलंदाजाला ड्रेसिंग रूममधून जिना उतरून, या खोलीतल्या सदस्यांच्या गर्दीतून वाट काढत मैदानावर जावं लागतं आणि शून्यावर बाद झाला की त्याच गर्दीतून परत. इथे सदस्यांनी कोट-टाय घालून यायचं असा दंडक आहे. आता कोट-टायने माणूस सभ्य होतोच असं नाही. २०२३ च्या अ‍ॅशेसमध्ये, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेत, इंग्लंडचा बेअरस्टो यष्टिचीत झाल्यावर याच खोलीत सदस्यांनी ऑस्ट्रेलियन खेळाडूंना असं काही सुनावलं, की क्लबला तिघांना निलंबित करावं लागलं. गाईडनी हा विषय ऑस्ट्रेलियन जोडप्याकडे न बघता, भिंतीवरच्या चित्राकडे बघत आटोपता घेतला. जोडपं मात्र मनापासून हसत होतं.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट डेव्हिड स्टीलची. १९७५ मध्ये हा पांढऱ्या केसांचा, चष्मेवाला माणूस आपल्या पहिल्याच कसोटीत फलंदाजीला निघाला. समोर ऑस्ट्रेलियाचे वेगवान लिली आणि थॉमसन. त्या नादात तो एक जिना जास्त उतरला आणि थेट तळघरातल्या स्वच्छतागृहात पोचला. इकडे मैदानावर सगळे नव्या फलंदाजाची वाट बघताहेत आणि हा खाली पॅड बांधून दार शोधतोय. सापडलं, आणि मग पन्नास धावाही काढल्या.

"आणि बायका?" माझ्या बायकोने विचारलं. गाईडनी टाय सारखा केला. १७८७ मध्ये स्थापन झालेल्या एमसीसीने, म्हणजे लॉर्ड्सच्या मालक क्लबने, स्त्रियांना सदस्यत्व द्यायचा ठराव केला तो १९९८ मध्ये. तोवर सामन्याच्या दिवशी या पॅव्हेलियनमध्ये स्त्रिया म्हणजे एक राणी आणि बाकी काम करणाऱ्या. "दोनशे अकरा वर्षं," बायकोने तिथल्या तिथे वजाबाकी केली. यानंतर तिचा टूरमधला रस एकदम वाढला. कशावर तरी रागावता आलं की तिला ते ठिकाण आपलं वाटायला लागतं.

मग आपण ज्यासाठी आलो ती खोली. पाहुण्या संघाची ड्रेसिंग रूम तशी अगदी साधी. बाकं, टेबलं, एक बाल्कनी. याच बाल्कनीत २००२ मध्ये गांगुलीने शर्ट काढून गरागरा फिरवला. १९८३ मध्ये कपिलने विश्वचषक उंचावला तो पॅव्हेलियनच्या बाल्कनीतच, २५ जूनला. आणि भारताची पहिलीवहिली कसोटी लॉर्ड्सवरच सुरू झाली होती, १९३२ च्या २५ जूनला. कर्णधार होते नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू. ही तारीख मी मुलीला सांगितली. तिने "अरे वा" म्हटलं, ते माझं मन राखायला म्हटलं हे दिसत होतं.

पण खरी चीज म्हणजे भिंतीवरचे ऑनर्स बोर्ड. आपल्या शाळांच्या हॉलमध्ये 'शालान्त परीक्षेत प्रथम' म्हणून सोनेरी अक्षरांत नावं लिहिलेले लाकडी फळे असतात ना, थेट तसे. लॉर्ड्सवरच्या कसोटीत शतक ठोकलं किंवा डावात पाच बळी घेतले, की नाव फळ्यावर. सोनेरी रंग चढायला वेळ लागतो, म्हणून खेळाडू दमून आत येईपर्यंत त्याच्या नावाची चिकटपट्टी लावून ठेवतात. ही पट्टी मला फार आवडली. एवढ्या परंपरेच्या, पॉलिशच्या, तैलचित्रांच्या इमारतीत हे एकच काम घाईघाईने, हाताला येईल त्या पेनने केलं जातं.

मी फळ्यावर बोट न लावता वाचत सुटलो. वेंगसरकर, १९७९. वेंगसरकर, १९८२. वेंगसरकर, १९८६. इंग्लंडबाहेरून येऊन लॉर्ड्सवर तीन कसोटी शतकं करणारा दुसरा कुणी नाही. ७९ चं शतक आलं ते पहिल्या डावात सगळा संघ ९६ धावांत गारद झाल्यानंतर. ८६ मध्ये शेवटचा गडी म्हणून मनिंदर सिंग मैदानात आला तेव्हा शतक अजून व्हायचं होतं. मनिंदर आणि फलंदाजी यांचा संबंध ज्यांना ठाऊक आहे त्यांना तेव्हाच्या आमच्या हृदयाच्या ठोक्यांची कल्पना येईल. आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी रेडिओवर उपरणं टाकलं होतं, दृष्ट लागू नये म्हणून. मनिंदर टिकला, कर्नल, म्हणजे आपला वेंगसरकर, १२६ वर नाबाद राहिला, आणि ती कसोटी आपण जिंकलो. लॉर्ड्सवरची पहिली.

आणखी खाली-वर बघत गेलो. विनू मांकड १९५२, फलंदाजीच्या फळ्यावर १८४ आणि गोलंदाजीच्या फळ्यावर पाच बळी, एकाच कसोटीत. आधी ७२ काढल्या होत्या त्या वेगळ्याच. सामना आपण हरलो, पण त्या कसोटीला लोक मांकडचीच कसोटी म्हणतात. रमाकांत देसाई, १९५९, ८९ धावांत ५. चणीने इतका लहान की 'टायनी' म्हणायचे, आणि नाव या भिंतीवर. रवी शास्त्री, १९९०. रहाणे, २०१४, हिरव्यागार खेळपट्टीवर बाकीचे एकेक करून परतत असताना काढलेल्या १०३. आणि अजित आगरकर, २००२, नाबाद १०९, आठव्या क्रमांकावर येऊन.

आगरकरच्या नावापाशी मी थांबलो, कारण मागून चाचांनी विचारलं, "सचिन किधर है?"

सचिन नाही. पाच कसोटी खेळूनही इथे त्याची सर्वोच्च धावसंख्या ३७. गावस्करही नाही. दोघांनीही या मैदानावर शतकं केली आहेत, गावस्करने १९८७ मध्ये एमसीसीच्या द्विशताब्दीच्या सामन्यात १८८, सचिनने १९९८ मध्ये डायना स्मृती सामन्यात १२५. पण त्या कसोटी नव्हेत, म्हणून फळ्याच्या हिशेबी जमा नाहीत. लारा नाही, शेन वॉर्न नाही, कोहलीही नाही. काही लोकांना यात फळ्याचा नाकर्तेपणा वाटतो. मला उलट त्याचा भरवसा वाटला. आपल्याकडे थोरामोठ्यांची नावं सभागृहाला, चौकाला, उड्डाणपुलाला देताना त्यांनी तिथे काय केलं हे कुणी विचारत नाही. इथे तेवढंच विचारतात. मुंबईच्या मैदानांवर आगरकर आणि सचिन एकाच गुरूंच्या, आचरेकर सरांच्या हाताखाली वाढले. सरांना या फळ्याबद्दल काय वाटलं असतं ते मला सांगता येणार नाही, पण आगरकरला चार शब्द बहुधा जास्तच ऐकावे लागले असते, आपण हरलेल्या कसोटीतलं शतक म्हणून.

सचिनची सोय लॉर्ड्सने दुसऱ्या वाटेने केली आहे. २०२५ मध्ये त्याच्या तैलचित्राचं इथे अनावरण झालं. गावस्करची गोष्ट त्याहून खमंग. एमसीसीने देऊ केलेलं सन्माननीय सदस्यत्व १९९० मध्ये त्याने नाकारलं होतं, इथल्या फाटकावरच्या कर्मचाऱ्यांनी त्याला दिलेल्या वागणुकीमुळे. पुढे यथावकाश गोडी झाली. पण ज्या दारात शिरायला जग धडपडतं त्या दाराला मुंबईकराने 'नको' म्हणून कळवलं, याचं आमच्या कट्ट्यावर जे कौतुक झालं होतं, ते शतकापेक्षा कमी नव्हतं.

"पूनम राऊत?" मुलीने अचानक विचारलं. मी चाट पडलो. २०१७ चा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना तिने घरी बसून चेंडू न चेंडू बघितला होता. आपण ९ धावांनी हरलो, पूनमच्या ८६. "८६ ला फळा नाही," मी म्हटलं. "आणि शंभर झाल्या असत्या तर?" वन-डेच्या शतकांची नोंदही आता ठेवतात असं गाईडनी सांगितलं. मुलगी बराच वेळ त्या चौदा धावांचा हिशेब करत होती. गवत बघायला आलेली मुलगी!

मीडिया सेंटरबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. १९९९ चं, अ‍ॅल्युमिनियमचं, जहाजं बांधणाऱ्यांकडून घडवून घेतलेलं. वास्तुकलेचं मोठं बक्षीस मिळालेलं. आतून मैदान सुरेख दिसतं, उतार तर फारच स्पष्ट. पलीकडे वाऱ्याची दिशा दाखवणारा फादर टाइम, खांद्यावर कोयता घेऊन बेल्स उतरवणारा म्हातारा. महायुद्धात एका बलूनच्या तारेने त्याला खाली पाडलं होतं, पुन्हा वर चढवला. डच मुलांनी त्याचा फोटो काढला.

शेवटी संग्रहालय. जिच्यासाठी दोन देश १८८२ पासून एकमेकांच्या उरावर बसतात ती अ‍ॅशेसची कुपी जेमतेम चार इंचांची. ऑस्ट्रेलियन बाई तिच्याकडे बघून नवऱ्याला म्हणाली, "जिंकलो तरी देत नाहीत." खरंच देत नाहीत, जिंकणाऱ्याला वेगळा स्फटिकाचा चषक मिळतो, कुपी लॉर्ड्सवरच राहते.

शेजारच्या काचेत एक चिमणी होती. पेंढा भरलेली, क्रिकेटच्या चेंडूवर बसवलेली. १९३६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाकडून खेळणाऱ्या जहांगीर खानने टाकलेला चेंडू उडत्या चिमणीला लागला आणि ती गतप्राण झाली. चेंडू आणि चिमणी दोन्ही जपून ठेवली.

"माजिद के वालिद!" चाचा उजळले. "हमारे लाहोर के."

"१९३२ च्या पहिल्या कसोटीत आमच्याकडून खेळले होते," मी म्हटलं. "नायडूंच्या संघात."

"पैदाइश जालंधर की है, मगर रहे तो लाहोर में."

"पण १९३६ मध्ये पाकिस्तान होतं कुठे?"

चाचांनी डच मुलांकडे पंच म्हणून बघितलं. त्यांनी खांदे उडवले. प्रकरण वाढत चाललंय हे बघून गाईड पुढे आले, काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारली आणि म्हणाले, "गोलंदाज तुम्ही दोघं वाटून घ्या. चिमणी आमची होती."