शून्याचे चौऱ्याऐंशी टक्के

अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलची टोकं पांढरी पडायला लागली, तेव्हा मी पाण्यात सगळं शोधलं. पीएच मोजणाऱ्या प्रोबवर संशय घ्यावा असं मनातही आलं नाही.

ठाण्यातल्या आमच्या घरात हा खाऱ्या पाण्याचा, कोरलचा टँक बेडरूममध्ये आहे. उन्हाळ्यात रात्रभर एसी, दारं-खिडक्या बंद. आमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि पहाटे पीएच खाली येतो, हे मला माहीत होतं. म्हणून मीटरवर सकाळी 7.85 दिसलं की पीएच वर आणायला मी टँकमध्ये चुन्याची निवळी वाढवत गेलो. (शाळेत नळीनं फुंकल्यावर दुधाळ व्हायची तीच.) तीन आठवड्यांत अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ती डीकेएचमध्ये मोजतात) 8.5 डीकेएचवरून 11 वर गेली आणि सकाळचा आकडा तरी 7.95 च्या वर जाईना.

दर महिन्याला मी प्रोब 7 च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच ठरलेल्या द्रावणात, बुडवून बघत होतो. 7.02 यायचं आणि मी निर्धास्त व्हायचो. चूक नेमकी इथं होती. 7 पीएचला काचेचा हा प्रोब जवळजवळ शून्य मिलिव्होल्ट देतो. तिथून एकेक पीएच दूर गेलं की 25 अंशांना साधारण 59 मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा. काच जुनी झाली की तो फरक कमी होतो, पण 7 च्या बफरमध्ये ते कळणार कसं? शून्याचे चौऱ्याऐंशी टक्के म्हणजे शून्यच.

शेवटी 10 चा बफर आणला. प्रोबनं 9.55 दाखवलं. 7.02 पासून 3 नं वर जायच्या ऐवजी 2.53 नंच, म्हणजे चौऱ्याऐंशी टक्के. म्हणजे माझं 7.85 खरं तर 8 च्या आसपास होतं आणि वाढलेल्या अल्कलिनिटीनं कोरल मी विनाकारण भाजत होतो. फार वाईट वाटलं.

मीटरबरोबर 4 आणि 7 च्या पुड्या मिळाल्या होत्या. रीफचं पाणी 8 च्या पुढेमागे असतं, ते दोन बफरांच्या मध्ये यायला हवं, म्हणून 7 आणि 10 च घ्या. मी दोन्ही बंद पुड्या तासभर सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) तरंगत ठेवतो, म्हणजे त्या टँकइतक्याच, 26 अंशांना येतात. बफरचा पीएचही तापमानानं बदलतो, पुडीवर तक्ता असतो. 10 ची पुडी अगदी शेवटी फोडायची, कारण उघडा राहिला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून उतरतो. मधे आरओच्या पाण्यानं धुवायचं, टिश्यू नुसता टेकवायचा, काच घासायची नाही. आकडा पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही. आणि प्रोब बाहेर काढून ठेवायचा तर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, आरओमध्ये कधीच नाही.

जुना प्रोब व्हिनेगरमध्ये ठेवून पाहिला, थोडा सुधारला, पण पुरेसा नाही. नवा 7 ला 7.00 आणि 10 ला 9.98 दाखवतो. निवळी पूर्वीइतकी केली. आज अल्कलिनिटी 9 आहे, सकाळचा पीएच 7.98, आणि एका फांदीच्या टोकाशी पॉलिप (कोरलचे इवलेसे जीव) पुन्हा बाहेर आलेत.