आमची वाटचाल : वेल्डिंगला नाही म्हणणारं गॅरेज

आमच्या गॅरेजात शिरलं की डाव्या हाताला खिळ्यावर एक तुटका ब्रॅकेट टांगलेला दिसतो. नवं गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगतो, आमचं भांडवल.

जुन्या गाड्यांना पुढं ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवायचं काम मी आणि माझ्या भागीदारानं बेळगावच्या उद्यमबागेत सुरू केलं. भागीदाराचा हात वेल्डिंगवर बसलेला, माझा लेथवर. जवळ काय, तर सेकंडहँड लेथ, वडिलांची पान्यांची पेटी आणि त्याचं वेल्डिंग मशीन. वाद पहिल्या गाडीपासूनचा. तो म्हणायचा, आहे त्या स्टबला, म्हणजे पुढचं चाक ज्यावर फिरतं त्या भागाला, पट्टीचा ब्रॅकेट वेल्ड करू, त्याला डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर टांगू, संध्याकाळी गाडी बाहेर. मी म्हणायचो, स्टब फोर्जिंगचा. आच लागली की वेल्डच्या कडेला ठिसूळ होतो. बदलायचा तर अख्खा स्टबच बदलू. अँबॅसडरच्या शेवटच्या काही मॉडेलांना कंपनीनंच पुढं डिस्क दिली होती. तशी गाडी भंगारात आली की दोन्ही बाजूंचे स्टब, हब, कॅलिपर जोडीनं उचलायचे. पण त्याला वेळ लागतो, आणि भाडं एक तारखेला येतं. मी गप्प बसलो. चूक माझीही आहे, नाही म्हणत नाही.

निपाणीचे तंबाखूवाले काका आमचं दुसरं गिऱ्हाईक. त्यांच्या अँबॅसडरला भागीदारानं वेल्डचा ब्रॅकेट मारला. ऐन पावसाळ्यात तवंदी घाट उतरताना तो तुटला. कॅलिपर गरकन फिरला, होज पाईप तुटला. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच, सिंगल लाईनचा, म्हणजे चारही चाकांचं ऑइल एका वाटेनं गेलं. काकांनी गिअर पाडत, हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घासून थांबवली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून तो तुकडा माझ्या टेबलावर ठेवला.

"मिस्त्री, हे तुमचंच काय?"

"होय काका."

"मग आता नीट करून द्या."

एवढंच. आवाज चढवला नाही. भागीदार मात्र म्हणाला, कॅलिपरच जुना होता. महिन्याभरात तो दोन पोरं घेऊन बाहेर पडला, समोरच्याच गाळ्यात बोर्ड लावला, आणि घाटातली गाडी माझ्या हातची होती असं खडे बाजारापर्यंत पसरवलं. आठ महिने गॅरेजात कुत्रं फिरकलं नाही. लेथ विकावा लागला. टेम्पोत चढवताना मी आत जाऊन बसलो, बाहेर आलोच नाही. त्या काळात काकांनी आपली ती गाडी तर दिलीच, भावाचीही पाठवली, वर आगाऊ रक्कम. पावती मागितली नाही.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

आता काम कसं करतो ते सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. नवा स्टब जुन्याशेजारी ठेवून आधी उंची मोजा, मग स्टिअरिंग आर्मचं भोक कुठं येतं ते बघा. त्या भोकात बसणारा स्टिअरिंगचा टाय रॉड वर-खाली झाला की खड्ड्यात चाक आपोआप वळतं, मग गिऱ्हाईक अलाइनमेंटवाल्याला शिव्या देतं. डिस्क बसवली की ती किती डगमगते ते बघायला डायल गेज लावा. दहा पॉइंटच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या, वर काटा हलला तर पेडल थरथरणारच. ड्रमचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जातो, पॅडचं तसं नाही, म्हणून पायाला जोर देणारा बूस्टर लागतो. मास्टर टँडमचाच घ्या, दोन वेगळ्या लाईनचा. ड्रमच्या मास्टरमधला थोडा दाब धरून ठेवणारा चेक व्हॉल्व पुढच्या लाईनला राहिला तर पॅड सुटत नाहीत, हब तापतो. आणि कॅलिपर डावा-उजवा बदलला तर ब्लीडिंगचा, म्हणजे लाईनमधली हवा काढायचा, निपल खाली येतो. मग दिवसभर पंप मारा, हवा वर अडकलेलीच. ही चूक आमच्या पोरानं केली तेव्हा मी दोन लिटर ऑइल वाया घालवलं. भागीदारी कराल तर स्टँप पेपरवर करा, हेही यातच सांगून टाकतो.

समोरचा बोर्ड अजून आहे. त्यावर आता लिहिलंय, बेळगावात डिस्क कन्व्हर्जनचे जनक. असू दे.

काका दरवर्षी गणपतीच्या आधी येतात, चहा घेतात, गाडीत बसून स्वतः पेडल दाबून बघतात आणि काही न बोलता निघतात. गेल्या महिन्यात समोरचा पोरगा आला. टाय रॉडचं भोक निमुळतं करायला टेपर रीमर मागत होता. म्हणजे तिकडंही आता स्टबच बदलतात म्हणायचे. रीमर दिला. दिवसाचं भाडं लावून.