इतिहास घेतल्यावर पुढे काय?

‘इतिहास शिकीसन काय करशी?’ हा मोठ्या काकांचा प्रश्न मी एम.ए.ला प्रवेश घेतला त्या दिवशी ऐकला आणि तेव्हा माझ्याकडे खरोखरच उत्तर नव्हते. सेट-नेट देऊन प्राध्यापक होणे किंवा स्पर्धा परीक्षा देणे, एवढेच दोन रस्ते आमच्या वर्गात सर्वांना ठाऊक होते. प्राध्यापकांच्या जागा किती निघतात, हे सांगायला नको.

मला तिसरा रस्ता धुळ्यात दिसला. इतिहासाचार्य राजवाडे यांचे 1926 च्या अखेरीस याच शहरात निधन झाले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली कागदपत्रे जपण्यासाठी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या प्रेरणेने मी मोडी, म्हणजे जुनी मराठी कागदपत्रे ज्या लिपीत लिहीत ती लिपी, शिकलो. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात, मग तिला अक्षरे लोंबकळत ठेवतात. शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो, त्यामुळे पहिला महिना मी एकेका ओळीवर तास घालवला.

आज जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधणारे लोक गाव नमुना 14 च्या, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकला घेऊन माझ्याकडे येतात, तर कोणी वाटणीचे जुने कागद आणतात. हे काम पदवीने नव्हे, लिपीने दिले. मात्र वाचलेली नोंद खरी की मागाहून घुसडलेली, हा संशय घ्यायला विद्यापीठानेच शिकवले. परवा काकाही शेताचा एक कागद घेऊन आले.