खोडलेला आकडा

नोव्हेंबर 2016 मधल्या एका शनिवारी फुकुशिमा प्रांतातल्या ओदाका भागात मी एका आजींना चुकीचा आकडा सांगितला आणि तो त्यांनी वहीत उतरवून घेतला. तीन तासांनी परत जाऊन मी तो दुरुस्त केला. किरणोत्सर्ग मोजणारा स्वयंसेवक म्हणून त्यापूर्वी मी बरेच फिरलो होतो, परंतु हे काम नेमके कशाचे आहे ते मला त्या दिवशी कळले.

मी टोकियोत इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी सेफकास्ट या स्वयंसेवकांच्या उपक्रमासाठी मोजमाप करतो. मार्च 2011 मध्ये फुकुशिमाच्या अणुवीज प्रकल्पात झालेल्या अपघातानंतर, कुठे किती किरणोत्सर्ग आहे हे लोकांना गल्लीगल्लीपर्यंत कळेना, तेव्हा शॉन बॉनर, पीटर फ्रँकन आणि जोई इतो यांच्या पुढाकाराने हा उपक्रम उभा राहिला. त्यांनी तयार केलेला मापक मोटारीच्या खिडकीला बाहेरून बांधायचा असतो. तो दर पाच सेकंदांनी उपग्रहाच्या साहाय्याने जागा नोंदवतो आणि त्या जागेवरचे मोजमाप एका छोट्या कार्डावर साठवतो. गोळा झालेली सगळी माहिती कोणालाही विनामूल्य वापरता येते. उपक्रम अणुऊर्जेच्या बाजूचाही नाही आणि विरोधातलाही नाही. मोजायचे आणि मोजलेले जसेच्या तसे लोकांसमोर ठेवायचे, एवढाच त्याचा दंडक आहे. माझा मापक मी सुटे भाग मागवून स्वतः जोडलेला आहे.

या कामाकडे मी वळलो त्यामागे माझे आजोळही आहे. ते पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचे. जवळच्या तारापूर अणुवीज प्रकल्पाचे पहिले दोन संच 1969 मध्ये सुरू झाले आणि ते फुकुशिमाच्या संचांप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या प्रकारचे आहेत, ही गोष्ट मी जपानला आल्यावर वाचली. लहानपणी एवढेच ठाऊक होते की प्रकल्पाच्या प्रयोगशाळेची माणसे परिसरातले दूध, मासळी आणि माती तपासायला नेतात. तपासणीत काय निघाले असे आमच्या घरात कोणी कधी विचारले नाही, मीही विचारले नाही. आपल्या अंगणातला आकडा आपणच विचारायचा असतो हे मला फार उशिरा सुचले.

त्या शनिवारी आम्ही दोघे होतो: मी आणि माझ्यापेक्षा कितीतरी अनुभवी असा एक जपानी सहकारी. पहाटे निघून जोबान द्रुतगती मार्गाने उत्तरेकडे गेलो. टोकियोत मापकावर मिनिटाला तीस-पस्तीस ठोके पडत होते; नळीने टिपलेला प्रत्येक कण किंवा किरण म्हणजे एक ठोका. फुकुशिमा प्रकल्पाच्या पश्चिमेकडून रस्ता जातो तिथे ते झपाट्याने वाढून काही शेकड्यांवर गेले आणि रस्त्याकडेचे किरणोत्सर्गाची पातळी दाखवणारे फलकही तेच सांगू लागले. थोडे पुढे गेल्यावर आकडा पुन्हा खाली आला. मार्च 2011 मध्ये वारा वायव्येकडे वळला आणि त्याच वेळी पाऊस व बर्फ पडले, म्हणून प्रकल्पातून बाहेर पडलेले किरणोत्सर्गी सीझियम त्या पट्ट्यात जास्त उतरले. प्रकल्पाभोवती कंपासने काढलेल्या वर्तुळांशी त्याचे वाटप मुळीच जुळत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक रस्ता, प्रत्येक अंगण वेगळे मोजावे लागते.

ओदाकातला परत राहायला येण्यावरचा निर्बंध 12 जुलै 2016 रोजी उठला होता. चार महिने झाले तरी परतलेली माणसे थोडी होती आणि तीही बहुतेक वयस्कर. घरोघरची पर्सिमनची झाडे नारिंगी फळांनी वाकली होती, पाने गळून गेली होती आणि फळे कोणी तोडलेली नव्हती. अशाच एका झाडाशेजारच्या, डोंगराला टेकलेल्या घरातून आजी बाहेर आल्या. खिडकीला बांधलेला मापक पाहून त्यांनी विचारले, "माझे घर मोजून द्याल का? नव्या वर्षाला मुलगा सेंदाईहून येणार आहे. नातू सहा वर्षांचा आहे. त्याला अंगणात सोडायचे की नाही, ते मला ठरवायचे आहे."

माझा सहकारी पुढच्या गल्लीत मोजत राहिला आणि मी आजींबरोबर थांबलो. त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. स्वच्छता होण्याआधीचे आणि नंतरचे आकडे, तारखेसह, शिसपेन्सिलीने नव्हे तर पेनने लिहिलेले. अंगणातला मातीचा वरचा थर खरवडून नेलेला होता. घरालगतच्या डोंगरउतारावरचा पालापाचोळा वीस मीटरपर्यंतच उचललेला होता, त्यापलीकडचे रान तसेच होते. ओसरीवर तासाला 0.11 मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक), झाडाखाली 0.16. आजी लिहीत गेल्या. मग त्या मला घरामागे घेऊन गेल्या, जिथे छपराच्या पन्हळीचा नळ सिमेंटच्या कोब्यावर उतरत होता. नळाच्या तोंडाशी काळसर गाळाचा तळहाताएवढा थर साचलेला होता.

तिथे नीट मोजावे म्हणून मी मापक त्याच्या जाड प्लॅस्टिकच्या डबीतून बाहेर काढला आणि गाळाच्या अगदी जवळ धरला. ठोके चौदाशेवर गेले. पडद्यावर 4.2 मायक्रोसिव्हर्ट उमटले. मी तो आकडा मोठ्याने वाचला. आजींनी तो लिहिला, वही मिटली, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग त्यांना येऊ नका असे सांगते." मी मान लववून निघालो. त्या क्षणी मला आपण एक महत्त्वाची गोष्ट शोधून काढली असेच वाटत होते, हे मी लपवत नाही.

दुपारी जेवताना मी सहकाऱ्याला तो आकडा सांगितला. त्याने एकच प्रश्न विचारला: "मापक डबीत होता का?"

घास तिथेच थांबला. या मापकातली नळी बीटा कणही टिपते आणि गॅमा किरणही. डबीत असताना बहुतेक बीटा डबीच्या भिंतीत अडतात आणि राहतात ते मुख्यतः गॅमा. मिनिटाला 334 ठोके म्हणजे तासाला एक मायक्रोसिव्हर्ट, हे रूपांतर सीझियमच्या गॅमा किरणांसाठी ठरवलेले आहे. उघडी नळी गाळावर धरली की ठोके खरे असतात, पण पडद्यावरचा मायक्रोसिव्हर्टचा आकडा खरा राहत नाही. गाळात सीझियम आहे हे मी बरोबर शोधले होते. तिथे उभ्या राहणाऱ्या मुलाला किती मात्रा मिळेल हे मात्र मी साफ चुकीचे सांगितले होते. हा धडा पहिल्याच प्रशिक्षणात शिकवलेला असतो. मला तो तोंडपाठ होता आणि तरीही आजींसमोर मी पडद्यावर दिसले ते वाचून दाखवले.

आम्ही लगेच गाडी वळवली. पोहोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. मी आजींना म्हणालो, "सकाळचा आकडा चुकीचा होता, चूक माझी आहे, पुन्हा मोजू द्या." सहकाऱ्याने डबीतला मापक त्याच जागी, गाळाला जवळजवळ टेकवून धरला. पडद्यावरचा आकडा सरासरीचा असतो, म्हणून पूर्ण मिनिटभर थांबलो. 0.9. मग जमिनीपासून एक मीटरवर: 0.21.

"म्हणजे 0.23 च्या आत," आजी म्हणाल्या. तिथल्या प्रत्येकाला ही संख्या पाठ आहे, कारण स्वच्छता करायची की नाही ते तिच्यावर ठरते. मी त्यांना सांगितले की ती संख्या दिवसाचे आठ तास बाहेर आणि सोळा तास घरात, असा हिशेब धरून, नैसर्गिक किरणोत्सर्गाखेरीज वर्षाला एक मिलिसिव्हर्ट अधिक मात्रेसाठी काढलेली आहे. तेवढे ऐकून आजी म्हणाल्या, "पण माझा नातू एक मीटरवर खेळत नाही. तो उकिडवा बसतो, खडे वेचतो."

मला हे आधी सुचायला हवे होते. प्राथमिक शाळांच्या मैदानांवर पन्नास सेंटिमीटर उंचीवर मोजतात, ते मुलांच्या उंचीमुळेच. आम्ही पन्नास सेंटिमीटरवर मोजले: 0.34. हाताला लागलेला गाळ तोंडात जाऊ शकतो, तो धोका या आकड्यात येतच नाही, हेही मी स्पष्ट केले. गाळ स्वतः काढू नका, नगरपालिकेला जागा दाखवून काढून घ्या आणि त्यानंतर पुन्हा मोजून घ्या, असे सहकारी म्हणाला. नातवाने यावे की नाही यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही. तो निर्णय त्यांचा होता, आणि सकाळी तो मी अजाणता त्यांच्या हातून काढून घेतला होता.

आजींनी वही उघडली. 4.2 वर त्यांनी पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी. शेजारी लिहिले: उघडी नळी, गाळावर. खाली तीन ओळी, तीन उंची, तीन आकडे. मग मला विचारून माझ्या मापकाचा क्रमांकही उतरवून घेतला. तेव्हापासून माझ्या वहीतही प्रत्येक आकड्याआधी उंची आणि डबीची स्थिती लिहिलेली असते.

जानेवारीत आम्ही पुन्हा त्या रस्त्याने गेलो. कोबा घासून स्वच्छ केलेला होता, नळाखाली नवी बादली होती. आजी घरी नव्हत्या. आम्ही कुंपणाबाहेरून मोजले आणि डबीतल्या मापकाची एक मीटरवरची नोंद चिठ्ठीवर लिहून टपालपेटीत टाकली: 0.13.